डाव्या दाराची काच

१२ नोव्हें. २००५, शनि.
भाईंदरच्या समस्त नागरिकांच्या वतीने नव्हे, केवळ सुनंदाच्या केसांच्या वतीने तक्रार नोंदवतो की, आमच्या गाडीच्या डाव्या दाराची काच वर चढत नाही. हँडल फिरवलं की खर्रर्र आवाज. दोन्ही तळव्यांत धरून उचलावी, तर सभा संपायच्या आत निघून जाणाऱ्या अध्यक्षासारखी हळूच खाली सटकते. बाजारापर्यंत जाऊन येईतो सुनंदाच्या डोक्यावर अर्धं पोतं धूळ. "अहो, नवरा जुना चालतो, गाडी नाही चालत."
चौसष्टचं मॉडेल. गिरगावातून इथे येताना बरोबर आणली ती दोनच ऐतिहासिक वाहनं, ही आणि मी. अख्खी मुंबई हिला डुक्कर म्हणायची. दादा, म्हणजे माझे वडील, दुरुस्त करत, "वराह म्हणा."

१४ नोव्हें., सोम.
अन्वरभाई आले. पेणकरपाड्याच्या वाटेवर ह्यांचं काचेचं दुकान. दाराचं आतलं पॅड उघडून निदान : काच जिच्यात बसते ती पट्टी गंजलेली, रबराचा दगड झालेला, वर-खाली करणाऱ्या मशीनचे दात झिजलेले.
"साहब, इसका माल अब कहीं नहीं मिलेगा."
म्हटलं, "मालिक का भी यही हाल है."
हसले. मशीन घेऊन गेले, दात भरून आणतो म्हणाले.

१९ नोव्हें., शनि.
काच बसली! पट्टीत नवं रबर, त्यावर साबणाचं पाणी, मग दोन्ही अंगठ्यांनी एका टोकाकडून दाबत दाबत. हातोड्याला हात लावला नाही. "ठोकोगे तो आज नहीं, महिने बाद टूटेगी." सुनंदा बघत होती. "इतक्या हळुवार हातानं तुम्ही कधी कपबशी तरी उचललीत?"
गाडी लावताना दादा ही काच नेहमी चार बोटं खाली ठेवत. बंद गाडी घुसमटते म्हणे. पुढे आजारात माझं नाव गेलं, आईचं गेलं, हे गेलं नाही. डाव्या सीटवर बसून राहायचे. विसरायला लागले तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. मी पौषात छप्पन्नचा होईन. म्हणून रोज अंघोळीला संस्कृतचे शब्द चालवून बघतो, तिन्ही लिंगांत. अजून शाबूत.
आज काच पूर्ण बंद केली. नव्या रबराला धूळ नको.

२२ नोव्हें., मंगळ.
साडेतीनला पेपरासाठी पालिकेच्या सभेची बातमी घ्यायला खाली उतरलो. काच खाली. मोजली. चार बोटं.

२३ नोव्हें., बुध.
पुन्हा. चार बोटं. अन्वरभाईंना बोलावलं. त्यांनी पॅड काढलं, सगळं हलवून पाहिलं, जरा दुखावलेही.
"सब टाइट है. अपने आप नहीं उतरी. किसी ने हँडल घुमाया है."
किल्ली एकच. घरात, खिळ्याला.
सुनंदा म्हणाली, "मामंजींना घुसमटलं असेल." आणि पदर तोंडावर.
मी संस्कृतातलं न्यायशास्त्र शिकलेला माणूस. धूर दिसला तर अग्नी मानावा. हँडल फिरलेलं दिसलं तर हात मानावा. कोणाचा, तिथे अनुमान लंगडं पडतं.

२६ नोव्हें., शनि.
काच खाली. डावी सीट कोमट. गाडी बिल्डिंगखाली खांबांत उभी असते, तिथे ऊन पोचत नाही.
बराच वेळ हात ठेवून उभा होतो. मोठ्यानं "दादा" म्हटलं. म्हणजे, म्हटलं गेलं.

२८ नोव्हें., सोम.
दुपारची झोप रद्द. पाळत. नोंदी जागच्या जागी :
२.१० खिडकीत खुर्ची. गाडी दिसते. काच बंद.
२.२० जागा. पेपर वाचतोय.
२.२५ जागा.
३.३५ काच खाली. कोणी आलं-गेलं दिसलं नाही. तासाहून जास्त वेळ कुठे गेला? डुलकी असणार.
एक बारीक गोष्ट. माझ्या चपला दाराबाहेर. मी त्या आत काढतो.

३० नोव्हें., बुध.
हिराबाई, मोरव्याच्या. सकाळभर मासे विकून परतताना दुपारी आमच्या खांबांत पाटी टेकून बसतात. सहज विचारलं, गाडीपाशी कोण येतं?
"कोन म्हंजे? तुमीच तं असता, भाऊ! रोज दुपारचे. त्या बाजूला बसता, काच खाली घेता. काल हाक मारली, सुरमय हाय म्हनलं, तं वळखच न्हाय दिली. पैशेवाले झाले वाटतं."
हसलो. सुरमई घेतली. आज बुधवार होता म्हणून बरं.

१ डिसें., गुरु.
सुनंदाला विचारलं, मी दुपारी खाली जातो?
"आता हे काय नवीन? किल्ली घेऊन माझ्यासमोरून जाता की."
मग बोलली का नाहीस?
"मामंजींच्या जागी बसावंसं वाटत असेल, म्हटलं. हाक मारली तरी बघत नाही तुम्ही. आणि परत येऊन विचारता, काच कोणी उघडली! मला वाटलं, भुताची गोष्ट रंगवताय. त्या अन्वरभाईंनाही बिचाऱ्यांना नाचवलंत. पंचवीस वर्षं तुमच्या थापा ऐकतेय हो मी."
मी म्हटलं, पकडलंस.
तिनं टाळी मागितली. दिली.

२ डिसें., शुक्र.
बातमी पाठवली. सभेचा वार तीनदा तपासला.
सीट आठवत नाही. जिना आठवत नाही. हिराबाईंची हाक आठवत नाही. एकाही दुपारचं काही नाही.
रात्रीपर्यंत कशाला थांबा, म्हणून जेवतानाच सांगायचं ठरवलं. "सुनंदा, ऐक, ते काचेचं—" एवढंच बोललो, तर ती आधीच हसायला लागली. मी भात कालवला.
भुताची भीती वाटत नाही. दादांचा आजार मला झालाय, असं वाटतं. फार भीती वाटते. आणि मी हे खरं बोलतोय, हे तिला पटेल असं कसं सांगायचं ते मला माहीत नाही.