सुमेर ते फ्रान्स, व्हाया नानाखेडा

२ जुलै, बुधवार

दुरुस्ती. काल लिहिलं की जगाचा इतिहास घरी शिकवणार म्हटल्यावर दोन्ही मुलं खूश झाली. हे चूक आहे. ईरा खूश झाली. सौमित्र जांभई देत होता, ती मी हसू समजले.

बाकी कालचं बरोबर आहे. सौमित्रची दहावी गेल्या वर्षी सामाजिक शास्त्रात अडकली. परत त्याच शाळेत, त्याच बाकावर बसायला तो तयार नाही, म्हणून मंदारदादाने त्याला इथे नानाखेड्याच्या घरीच ठेवलं. ऑक्टोबरमध्ये खुल्या बोर्डाची परीक्षा. बाकी विषय तो मोबाइलवर बघून करतो. इतिहास माझ्याकडे, म्हणजे आत्याकडे. सातवीतली ईरा सकाळची शाळा करून येते, तिचाही पाया पक्का होऊन जाईल म्हणून तिलाही बसवली.

मीनावहिनीने एवढंच विचारलं की ऑक्टोबरपर्यंत होईल ना. मी म्हटलं, आरामात. या वेळी राहिला तर ती त्याला इंदूरच्या होस्टेलमध्ये टाकणार आहे. होस्टेलचं नाव काढलं की सौमित्रचा चेहरा उतरतो.

वेळापत्रक: वर्ग रोज दुपारी तीनला. जुलैअखेर रोम. पंधरा ऑगस्टपर्यंत फ्रान्सची राज्यक्रांती. सप्टेंबरात दोन्ही महायुद्धं. मग उजळणी.

४ जुलै, शुक्रवार

आज पद्धत समजावून सांगितली. आमच्या घरात लिहिलेलं खोडत नाहीत. पूर्वज शिंद्यांच्या दरबारी चिटणिशीत होते, आणि खोडलेला कागद म्हणजे संशयाचा कागद. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून ती सांगायची, दुरुस्त करायची, मगच पुढचं काम. भय्यासाहेबांनी मला आठवीपर्यंत घरीच शिकवलं, ते असंच. (भय्यासाहेब म्हणजे बाबा. त्यांना सगळेच भय्यासाहेब म्हणतात, आम्हीसुद्धा.)

ईराने विचारलं, आणि चूक निघालीच तर पुढचा धडा नाही? मी म्हटलं, दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत नाही. सौमित्र पहिल्यांदाच सरळ बसला. पद्धतीचं महत्त्व त्याला पटलं.

९ जुलै, बुधवार

दुरुस्ती झाली. टायग्रिस आणि युफ्रेटिस मी उलट्या दाखवल्या होत्या. ईराच्या लक्षात आलं. उभी राहून सांगितलं, नकाशा परत काढला. मग सौमित्रने विचारलं की चाक सुमेरमध्येच लागलं हे नक्की का? प्रामाणिकपणे सांगावं लागलं की नक्की नाही. मग काय काय नक्की नाही, त्यावर तास गेला.

सौमित्रची चिकित्सक बुद्धी जागी झाली आहे. शाळेत हे कोणी ओळखलंच नाही.

१५ जुलै, मंगळवार

काल सोमवारची सवारी, म्हणजे महादेवाची पालखी, रस्ते बंद, वर्ग नाही. आज सकाळी देवास गेटवरून जगाचा मोठा नकाशा आणला. भिंतीवर लावल्यावर दिसलं की त्यात अजून सोव्हिएत संघ आहे. परत गेले. दुकानदार म्हणाला, दीदी, दुनिया तो वहीच है, नाम बदलते रहते हैं. बदलून दिला नाही.

दुपारी ईराने विचारलं की हा देश मग गेला कुठे? मी म्हटलं, तुटला. का तुटला? मी म्हटलं, क्रमाने येईल. आत्ता आपण सुमेरमध्ये आहोत.

शेजारच्या खोलीत भय्यासाहेब खोकले. मी चुकीचं बोलले की ते खोकतात. पण यात चुकीचं काय होतं? संध्याकाळभर विचार करूनही सापडलं नाही.

२२ जुलै, मंगळवार

सुमेर. पाया पक्का होत आहे.

मुलांनी बॅडमिंटन सुरू केलं. मंगळवार-गुरुवार, पाच वाजता, माधव नगरला. दोघं एकाच स्कूटीवर जातात. रॅकेट दोन्ही वेळा घरी विसरली. विसरभोळी पोरं. मात्र सौमित्र पाठीवर दप्तर न विसरता नेतो. बहुतेक पाण्याची बाटली.

खेळ चांगलाच. मनावर ताण नको.

२९ जुलै, मंगळवार

इजिप्तमध्ये प्रवेश! दुपारी ममीपर्यंत पोहोचलो होतो, तेवढ्यात ईराला शंका आली की सुमेरच्या लिपीत शून्य होतं का. परत सुमेर.

जेवताना वहिनीने विचारलं, कुठपर्यंत आलं. मी म्हटलं, पाया चालू आहे. ती म्हणाली, इतका खोल खणते आहेस मुक्ता, की आता पाणी लागेल. दादा हसला. भय्यासाहेब पण हसले, हे मला आवडलं नाही. त्यांनीच तर शिकवलं.

सुधारित वेळापत्रक: ऑगस्टमध्ये रोज दोन तास. रोम दोन दिवसांत. शंका फक्त शनिवारी.

३१ जुलै, गुरुवार

शंका फक्त शनिवारी हा नियम मागे घेतला. चूक माहीत असताना शनिवारपर्यंत गप्प बसायचं म्हणजे शिकवणाऱ्याला झोप कशी लागेल? काल लागली नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

सौमित्र म्हणाला, आत्या, इजिप्त-बिजिप्त जाऊ दे ना, डायरेक्ट फ्रान्स करून घेऊ, पेपरात तोच येतो. त्याचा आग्रह बघून तयार झाले. पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर, समाज तीन वर्गांत विभागला होता. का विभागला होता? त्यासाठी सरंजामशाही हवी. सरंजामशाहीसाठी रोम कसं पडलं ते हवं. पडलं कसं यासाठी आधी उभं कसं राहिलं ते हवं. पुस्तक मिटलं.

सौमित्र मध्येच टेनिस कोर्टवरच्या शपथेबद्दल काहीतरी बोलला. मी म्हटलं, तुझ्या डोक्यात बॅडमिंटन आहे. नंतर पाहिलं तर तसं खरंच काही होतं. उद्या दुरुस्ती करीन. पण त्याला हे कळलं कसं? पाया पक्का असला की पुढचं आपोआप उमगतं, हाच याचा अर्थ.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते. माझं बी.ए. प्रायव्हेट, एम.ए. प्राचीन भारतीय इतिहासात. म्हणून आधुनिक युरोप मला येत नाही असं नाही. त्याबद्दल माझं मत अजून बनलेलं नाही, इतकंच.

७ ऑगस्ट, गुरुवार

मुलं बॅडमिंटनला गेल्यावर फ्रान्सचा धडा एकटीने वाचायला घेतला. पहिलं पान तीनदा वाचलं. चहा केला.

मग भय्यासाहेबांकडे गेले. ते बाल्कनीत शेव निवडत होते, म्हणजे शेवेतले दाणे वेचून खात होते. विचारलं, तुम्ही मला रोमनंतर काय शिकवलं होतं? मला आठवत नाही. ते म्हणाले, कसं आठवेल, रोमनंतर काही शिकवलंच नाही. विचारलं, का? ते म्हणाले, अगं, तू रोज आदल्या दिवशीच्या तीन चुका काढायचीस. माझी पुढे जायची हिंमतच व्हायची नाही. रोमपर्यंत पोहोचलो हेच जास्त. पुढचं तुझं तू वाचशील, असं वाटलं.

आणि परत शेव.

म्हणजे पद्धत त्यांची नव्हती? पद्धत त्यांचीच होती. पण चुका काढायची मी.

यावर नीट विचार करायला हवा. उद्या.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. वर्ग नाही. विचारही नाही.

दादाला राखी बांधली. तो म्हणाला, तू सौमित्रचं टेंशन नको घेऊ, तो काढून घेईल. मी म्हटलं, मी आहे ना. वहिनी आणि दादाने एकमेकांकडे पाहिलं. कृतज्ञता अशीच असते, शब्दांत येत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

इजिप्त संपलं!! आज ईराने एकही शंका काढली नाही. सौमित्रने सगळी उत्तरं बरोबर दिली. पावणेपाचच्या आत सोडलं नाही, तरी दोघं कुरकुरली नाहीत. उलट माझ्याकडे अशी बघत होती, जशी आजारी माणसाकडे बघतात.

मला बरं आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ग्रीसच्या नकाशाच्या झेरॉक्स काढायला माधव नगरला गेले. दुकानाच्या बाजूला आमची स्कूटी उभी होती. वर जाणारा जिना, आणि वर पाटी: विक्रांत सर, सामाजिक विज्ञान, नौवीं-दसवीं. बॅडमिंटनचं कुठे काही नाही.

जिना चढले. दार अर्धं उघडं. आत पस्तीस-चाळीस मुलं, मागून दुसऱ्या बाकावर सौमित्र, भराभर लिहीत होता. शेजारी ईरा. ती बाहेर बघेल म्हणून मी वळणावर भिंतीला टेकून उभी राहिले. लगेच निघायचं होतं.

पण सर सांगत होते की फ्रान्सचा राजा नोकराचे कपडे घालून पळून निघाला, राणी, पोरं, सगळी एकाच गाडीत. आणि एवढी मोठी गाडी, की चालते जशी शाही सवारी. पोरं हसली. मग एका चौकीवर घोडे बदलायला थांबले, तिथला माणूस गाडीत डोकावला, आणि बेटा, उसने वो चेहरा पहले कहीं देखा था. कहां देखा था? वर्ग शांत. मी पण. सर म्हणाले, पंद्रह अगस्त, जन्माष्टमी, संडे, सवारी, तो बाकी अब सीधे मंगलवार को.

मी जिन्यात बसले आहे हे मला तेव्हा कळलं. कधी बसले ते माहीत नाही.

पोरं उतरायला लागली. उठायचा प्रयत्न केला, पण पायाला मुंग्या. ईरा सगळ्यात पुढे होती. ओरडली, भाई, आत्या!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सगळ्यांना माहीत होतं. वहिनीनेच जुलैत सौमित्रचं नाव घातलं, ईरा नुसती सोबतीला. दादाला माहीत होतं, भय्यासाहेबांना माहीत होतं. त्या दिवशी सोव्हिएत संघावर ते खोकले नव्हते, हसू दाबत होते.

मी वहिनीला म्हटलं, मग मला तीन वाजता बसवायचंत कशाला? ती म्हणाली, तू एम.ए. झाल्यापासून पहिल्यांदा रोज वेळेवर वेणी घालून तयार होत होतीस. मोडवेना.

सौमित्र म्हणाला, आत्या, तुझ्यामुळे सुमेर-इजिप्तचे मार्क पक्के आहेत माझे, सरांनी तो धडा अर्ध्या तासात उडवला. ईरा म्हणाली, पण आत्याच्या स्पीडने भारत अजून गुलाम असता. सौमित्रने तिला टपली मारली. मी हसले. खरंच हसले, मग आत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

मी रागावले नाही. रागवायला काही हाताशी नाही. मूल पास व्हायला हवं होतं, आता होईल. माझ्याशिवाय होईल, हे वाक्य लिहायला बराच वेळ लागला.

१७ ऑगस्ट, रविवार

काल दिवसभर फ्रान्सचा धडा उशाशी होता. राजाचं पुढे काय झालं ते पुढच्याच पानावर असणार. मोबाइलवर तर एका मिनिटात कळेल. उघडलं नाही. कारण आधी लिहिणार होते की क्रमाने जायला हवं म्हणून. खरं कारण हे की मला ते एकटीने वाचायची भीती वाटते. आणि तिथे जिन्यात, कोणीतरी सांगत असताना, नाही वाटली.

संध्याकाळी ईरा येऊन सांगून गेली की तिने सरांना फोन करून विचारलं, आत्या जिन्यात बसून ऐकते, चालेल का. सर म्हणाले, जिन्यात कोण बसतं, अंदर बुला लो. कौनसी क्लास में हैं? ईराने सांगितलं, दसवीं.

सव्वीस वर्षांची मी, एम.ए., दहावीत.

पहिल्यांदा ठरवलं की सरांच्या अध्यापनपद्धतीचं निरीक्षण म्हणून जाईन. एक कोरी फाइलही काढली. मग फाइल परत ठेवली. सौमित्र म्हणाला, ये ना, पण माझ्या बाजूला नको बसू प्लीज. ईराने तिच्या बाजूला जागा देते म्हटलं, खिडकीकडची नाही, ती तिची आहे.

दुपारचा तीनचा वर्ग बंद. हे दोघांना सांगितलं. त्यांनी चेहरे पाडले. चांगले पाडले.

उद्या शाही सवारी, सगळं बंद. म्हणून परवा. मंगळवार, १९ ऑगस्ट, संध्याकाळी पाच वाजता, मी आत जाऊन बाकावर बसणार आहे. त्या माणसाने राजाला ओळखलं का, ते मला ऐकायचं आहे.