करडी गाडी कोणी चालवायची

मी, प्यो चांग-सिक, वय सत्त्याहत्तर, पूर्वी धंदा टॅक्सीचा, राहणार सोंगई गाव, गांगवॉन प्रांत, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, फुफ्फुसं नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी उम नाम-सुन शेजारी लसूण सोलत बसली आहे आणि "अहो, आपल्याकडे आहे काय, एवढं लिहायला?" असं दोनदा म्हणाली, पण त्याला दबाव म्हणत नाहीत. आठ वर्षं खाणीत काढली, सव्वीस टॅक्सीत. आता थकलो आहे. डॉक्टरांनी पुढच्या हिवाळ्याची खात्री दिलेली नाही.

एक. राहतं घर, मागचं परसू आणि भाज्या आंबवायचे अकरा रांजण नाम-सुनचे. तिच्या हयातीत घर विकू नये. ग्यॉंग-मो, बाळा, तू बुसानहून दर रविवारी फोनवर म्हणतोस, "आई, त्या डोंगरात काय ठेवलंय? माझ्याकडे चल." तिने नाही सांगितलं आहे. तू जीव लावतोस हे तिला कळतं. तरीही नाही.

दोन. पोस्टातली शिल्लकही तिचीच. वकील म्हणाले आकडा लिहा. आकडा पासबुकात आहे.

तीन. माझं मनगटी घड्याळ ग्यॉंग-मोला. शेजारच्या नो साहेबांनी तेरा वर्षांपूर्वी 'उद्या आणून देतो' म्हणून नेलेली शिडी मी त्यांनाच देतो, म्हणजे मी गेल्यावर त्यांना रस्ता बदलून जावं लागणार नाही.

चार. आता गाडी. हे पत्र मुळात तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

गाडी १९९० सालची, करड्या रंगाची, मागच्या चाकांवर चालणारी. नाम-सुनची मूत्रपिंडं सहा वर्षांपूर्वी निकामी झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा तिला खिंडीपलीकडच्या दवाखान्यात रक्त शुद्ध करायला न्यावं लागतं. बर्फ पडला की बस खिंडीच्या पायथ्याशी थांबते. परत येताना तिचा रक्तदाब उतरतो, मग ती मागच्या लांब सीटवर आडवी होते. गावात अकरा घरं. सध्या बर्फात खिंड चढवतो तो मी एकटा, आणि मी चाललो.

ग्यॉंग-मो म्हणतो, "बाबा, ते डबडं भंगारात काढा. चारही चाकांना जोर असतो ना, तसली गाडी पाठवतो." गाडी पाठवशील रे, चालवणारा कुठून पाठवशील?

जो चालवेल त्याने ध्यानात ठेवावं. ही गाडी मागून ढकलली जाते. बर्फावर तिचं बूड हलकं पडतं, म्हणून नोव्हेंबरपासून डिकीत वीस-वीस किलोची तांदळाची दोन पोती ठेवावीत. मार्च लागला की नाम-सुन त्यातूनच भात रांधायला घेते, घेऊ द्यावं. सुरुवात दुसऱ्या गियरवर करावी. हँडब्रेक रात्रभर ओढून ठेवू नये, गोठून चिकटतो. चाकाला दगड लावावा. बूड ज्या बाजूला घसरेल त्याच बाजूला स्टिअरिंग वळवावं, हलक्या हाताने. ब्रेकला पाय लावू नये. पाय आपोआप जातो. जाऊ देऊ नये.

पाच. सदर गाडी, चाकांच्या साखळ्या, फावडं आणि बॅटरीच्या तारांसह, मी बान सॉक-थे याला देतो. तो गावाच्या खालच्या टोकाला राहतो. आम्ही एकाच स्टँडवर सव्वीस वर्षं टॅक्सी लावली आणि गेले अठ्ठावीस हिवाळे एकमेकांशी बोललेलो नाही. असल्या गाडीने ती खिंड बर्फात पार करणारा माझ्याशिवाय तोच उरला आहे. तो घेईल की नाही, मला माहीत नाही. नाही घेतली तर नाम-सुनचं काय, या विचाराने मला झोप लागत नाही.

सहा. भांडण का झालं ते लिहून ठेवतो. तेव्हा घरोघरी कोळशाच्या वड्या जळत. जळून पांढऱ्या पडलेल्या दोन वड्या प्रत्येक टॅक्सीवाला डिकीत ठेवी. खिंडीतल्या वाकड्या वळणावर उतरायचं, एक वडी पायाने फोडायची, चाकं घसरू नयेत म्हणून राख पसरायची आणि पुढे जायचं. ती राख आपल्यासाठी नसे, मागून येणाऱ्यासाठी असे. १९९१ च्या जानेवारीत सॉक-थे माझ्यामागून आला, त्या वळणावर घसरून नाल्यात गेला आणि त्याचा पाय मोडला. स्टँडवर त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "चांग-सिकने राख टाकली नव्हती." मी म्हणालो, "टाकली होती. वाऱ्याने उडाली असेल." टाकली नव्हती. घाईत होतो, उतरायचा कंटाळा केला. ही गोष्ट मी बायकोलाही आजपर्यंत सांगितलेली नाही.

इथवरचा मजकूर ९ जानेवारी २०१९ रोजी लिहिला.

सात. पुढचा मजकूर १८ जानेवारीचा. वकील म्हणाले, ज्याला द्यायची त्याला आधी विचारा. मी सॉक-थेच्या घरी चालत गेलो. दहा मिनिटांच्या वाटेला चाळीस लागली. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "काय रे, मरायला टेकलास म्हणून आलास होय?"

मी म्हणालो, "हो. आणि राख टाकली नव्हती."

तो दारातून बाजूला झाला. मग म्हणाला, "ते मला तेव्हाच दिसलं होतं. राख नाही हे दिसलं, तरी मी ब्रेक मारला. इतकी वर्षं टॅक्सी चालवणारा माणूस मी. कुणाला सांगू हे? तुझं नाव सोपं पडलं." त्याने बसायला उशी दिली आणि बार्लीचा चहा ओतला. आम्ही किती मूर्ख होतो आणि किती वर्षं होतो, हे मोजायची ताकद दोघांतही नव्हती.

गाडीबद्दल तो म्हणाला, "मेल्यावर गाडी कसली देतोस? ती कुठे अडते, कुठे रुसते, हे मग मला कोण सांगणार? चावी आत्ताच आण. तू शेजारी बस."

काल गुरुवारी त्याने गाडी काढली. खिंडीत ताजा बर्फ होता. मी "हळू, हळू" म्हणत होतो. शेवटी मागून नाम-सुन म्हणाली, "अहो, गप्प बसा ना. चालवतायत ते नीट." वाकड्या वळणावर बूड जरा घसरलं. सॉक-थेचा पाय ब्रेकवर गेला नाही. मी बघत होतो.

सबब कलम पाच रद्द. गाडी आता माझी नाही.

आठ. माझं मरण मंगळवारी, गुरुवारी किंवा शनिवारी आलं, किंवा अंत्यविधीआधी लोक भेटायला बसतात त्या तीन दिवसांत यांपैकी वार आला, तर सॉक-थेने माझ्याजवळ थांबू नये. त्याने नाम-सुनला गाडीत बसवून दवाखान्यात न्यावं. ती म्हणेल, यांना असं टाकून मी येणार नाही. तिचं ऐकू नये. ग्यॉंग-मो, लोक नावं ठेवतील, ठेवू देत. शवपेटी उचलायला माणसं मिळतील, नाही मिळाली तर मी थांबेन. मला ती जगायला हवी आहे.

या पत्राला साक्षीदार लागत नाहीत, असं वकील म्हणतात. मला हवेत, कारण वरच्या कलमावरून वाद होणार आहे. दोघींनी ते माझ्यासमोर मोठ्याने वाचलं आणि मगच सह्या केल्या.

साक्षीदार: थाक बोक-रे, गावच्या प्रमुखांच्या पत्नी (सही)
साक्षीदार: चॅ मी-ह्यॉन, आरोग्य केंद्रातल्या परिचारिका (सही)

प्यो चांग-सिक (सही व शिक्का)
सोंगई, शुक्रवार, १८ जानेवारी २०१९