सोमवारची सोबत

छावणी,
१४ जून, शनिवार

तीर्थरूप ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. गुडघे कुरकुरतात, तेव्हा तूर्त षडंगच समज.

तुझं पत्र पोचलं. निवृत्त झालीस तरी लाल शाई सुटत नाही म्हणायची! माझ्या मागच्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवणारी बहीण शांतिसेनेत दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही. तू मला संस्कृतचे शब्द चालवायला शिकवलंस. सैन्य त्या मानाने सोपं. त्याला द्विवचन नसतं.

प्रकृती ठीक. जेवण डब्यातलं. रोज दाढी करतो.

‘शांतता राखता म्हणजे नेमकं काय करता रे?’ असं विचारलंयस. उभे राहतो. नदीवर एक पूल आहे. अलीकडच्यांचं आणि पलीकडच्यांचं हाडवैर. गिरणी आणि दवाखाना मात्र पलीकडे. दर सोमवारी अलीकडच्या बायका पूल ओलांडतात आणि माझे जवान त्यांच्यासोबत चालतात. आम्ही नव्हतो तेव्हा गेलेल्यांपैकी सगळ्या परतल्या नव्हत्या.

त्या बायकांची एक म्होरकी आहे. जवान तिला सुभेदारीण म्हणतात, कारण येता-जाता ती त्यांची तपासणी करते. परवा मलाच म्हणाली, “साहेब, या पोराचा बूट फाटलाय. लक्ष कुठे असतं तुमचं?”

“आजच बदलतो, बाई.”

“बदला. आणि ऐका, सोमवारी सुनेला आणतेय. आठवा लागलाय, दवाखान्यात दाखवायचंय. तुमची माणसं असतील ना?”

ताई, उद्या पहाटे आम्ही ही चौकी सोडतोय. हुकूम वरून आलाय. तारीख कुणाला कळू द्यायची नाही, कारण परतीची वाट घाटातून आहे आणि घाटात आमची वाट पाहणारे पुष्कळ आहेत. तिला नुसतं ‘येऊ नका’ म्हटलं असतं तरी संध्याकाळपर्यंत दोन्ही काठांना कळलं असतं.

म्हटलं, “असतील.”

“मग झालं,” म्हणाली. दंडावर थोपटून गेली.

वाईट वाटलं का, असं तू विचारशील. वाटायला हवं होतं. मी बूट बदलायला सांगितले, जेवलो, झोपही लागली. आज सकाळी ती पुन्हा पुलाशी दिसली. तिने हात केला. मीही केला. गाडी थांबवली नाही.

हे पत्र घाट उतरल्यावर टाकीन. त्याआधी टाकणं नियमात बसत नाही, आणि मी नियम मोडत नाही. तुझ्या हाती पडेल तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल. या वेळी काही सुधारून पाठवू नकोस.

आई विचारेल. तिला सांग, माझी सगळी पोरं सुखरूप परतली. ती नक्की परततील, तेवढी व्यवस्था मी केली आहे.

तुझा, आणि ज्याचा त्याचा,
आज्ञाधारक
धाकटा