सरळ दांडा

३ जून
चुकुडू झाला, माझी दोन चाकांची लाकडी ढकलगाडी! म्बुसादादाने सकाळीच दारात आणून उभा केला. निलगिरीची लांब फळी, लाकडी चाकांवर रबराची पट्टी, गुडघा टेकायला जुन्या चपलेचा तुकडा. दादाच्या हातचे चुकुडू आमच्या सगळ्या किबुम्बा गावात नावाजलेले. पण बाईने चालवायचा हा पहिलाच — माझा! उद्या कोबी घेऊन उताराने खाली गोमा शहराच्या बाजारात.

४ जून
पडले.
सपाटीवरही डुगडुगत होता, वाटलं माझाच हात कच्चा. उतारावर वेग आला तसं हँडल थरथरायला लागलं. मी डावीकडे कलले, चाक मात्र नाकासमोर. कोबी रस्ताभर, मी काळ्या दगडांवर. मागून येणारा एकजण ओरडून गेला, "ओ बाई, कोबी विकायचेत की लोळवायचेत?"
दादा म्हणतो, सवय नाही, होईल. आईने गुडघा धुतला. म्हणाली, पुरे झालं आता.

८ जून
पुन्हा पडले. तसंच. मागून ट्रक येत होता. ड्रायव्हरने वळवला म्हणून आज लिहिते आहे.

९ जून
चुकुडू ढकलत सेबुहोरो म्हाताऱ्याकडे नेला. तोही चुकुडू घडवतो, दादाचं आणि त्याचं पटत नाही. हसेल वाटलं होतं. हसला नाही. हँडलच्या दांड्यावरून हात फिरवत राहिला.
म्हणाला, गाडी ज्या अंगाला पडायला बघते, त्याच अंगाला पुढचं चाक आपण होऊन वळायला हवं. तेच तिला सावरतं. त्यासाठी दांडा मागे रेललेला लागतो. हा खुंटासारखा उभा.
मी म्हटलं, चुकलं असेल दादाचं.
"म्बुसाचं? झोपेतसुद्धा चुकायचं नाही, पोरी."
चुकुडू तिथेच सोडून पायी घरी आले.

१० जून
विचारलं. दादा रंधा मारतच राहिला. मग म्हणाला, वाटलं होतं अंगणातच एकदा पडशील, घाबरून सोडून देशील. उतारावर पोचशील असं वाटलं नव्हतं.
"आणि ट्रकखाली गेले असते तर?"
माझा सख्खा भाऊ! लहानपणी पाठीवर घेऊन नदी ओलांडायचा. माझ्यासाठी लाकूड निवडलं, तासलं, गुळगुळीत केलं — आणि मी पडावं अशी गाडी घडवली.
सेबुहोरो नवा दांडा बसवतो आहे. दादाचं तोंड बघायचं नाही मला.

१२ जून
उतार पार केला! पोत्यांसकट. कलते आणि चाक आपसूक वळतं, जणू कुणी हात धरलाय. कोबी दुपारच्या आत संपले.
दादाच्या दारावरून गेले. थांबले नाही.

१३ जून
गुडघ्याची पट्टी बदलताना आई मान खाली घालून म्हणाली, "म्बुसाशी बोल. त्याचा दोष नाही. असा उभा दांडा लावायला तो नकोच म्हणत होता. मी पाय धरले त्याचे. तुझी कमाई सुरू झाली की तू घर सोडून जाशील, काव्हिरा. मग माझं कोण?"
पट्टी तिने फार हळू बांधली.