ओढ्यापलीकडची बाटी

३ डिसेंबर
सकाळीच झमकूबाई ओढा ओलांडून आली. फडक्यात गरम बाटी, म्हणजे ज्वारीची भाकरच, तांड्यात बाटी म्हणतात. वर लसणाचं तिखट. मी धपाटे केले होते, तिच्याच फडक्यात बांधून दिले. एरवी ओट्यावर बसते, चहा होतो. आज उभ्याउभ्याच.
"घाई हाये बाई. तांड्यात महाराज येऊन राहिले."
कोण महाराज?
"दारू सोडवतेत म्हणं."
आणि हसली. किती दिवसांनी.
दारू म्हणजे तिचा मुलगा भारत. पोळ्याला प्यायला आणि कविताचा, स्वतःच्या बायकोचा, हात पिरगाळून मोडला. हाड अजून नीट बसलं नाही पोरीचं.
बाटी खाल्ली. तिखट जास्त झालंय. पण तिच्या हातचं तिखट जास्तच असतं.

६ डिसेंबर
विहारात गेले. वंदना. मद्यापासून दूर राहण्याचं शील म्हणताना भारत आठवला. लहानपणी मी शिकवायचे त्या वर्गात होता. पाढे सुरात म्हणायचा.

९ डिसेंबर
तांड्यानं नेम घेतला. सगळ्यांनी. मनगटाला पांढरा दोरा. दारू नाही, मांस नाही. भारतनंही बांधून घेतला म्हणे, महाराजांच्या पायावर डोकं ठेवून रडला. झ. ओढ्याच्या त्या काठावरून ओरडून सांगत होती, हात वर करून, दोरा दाखवत. मीही हात वर केला.
बरं वाटलं. महाराज कोण, कुठले, मला काय करायचंय. सुटू दे.

१४ डिसेंबर
लिहू की नको.
तुरीच्या सोल्यांची आमटी केली होती. झ.ला फार आवडते, म्हणून डबा घेऊन मीच तांड्यात गेले. ती अंगणात तूर झोडत होती. डबा पाहिला आणि हात मागं घेतले.
"बाई, रागाला येऊ नका. नेम हाये. ज्यानं नेम घेतला न्हाई त्याच्या हातचं शिजलेलं खायचं न्हाई."
माझ्या हातचं?
"कोनाच्याच. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बी न्हाई."
आणि खाल्लं तर?
तिनं घराकडं बघितलं. भारत आत खाटेवर पडला होता, शुद्धीत.
"घरातल्या एकानं मोडला की समद्यांचा मोडतो म्हणतेत. भारतचा बी."
डबा घेऊन परत आले.

हे गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी हीच बाई आंबील घेऊन आली होती. पाहुणे, नातेवाईक, सगळे जेवून गेले होते, मी जेवले की नाही कुणाच्या ध्यानात नव्हतं. तिनं वाटी माझ्या तोंडाला लावली. तेव्हा आमची साधी ओळखही नव्हती. तेव्हापासूनचं आमचं हे, इकडून तिकडं, तिकडून इकडं. तिच्या गोडंबीच्या लाडवांनी मी आजारातून उठले. कविता बाळंतीण होती तेव्हा माझ्या शेवयांवर नातू पोसला असं ती म्हणते.
तिनं आज काही चुकीचं केलं नाही. मला कळतं. पण माझ्या आईला वरून पाणी ओतायचे, मी तिच्या पदराला धरून उभी असायचे, ते अंग अजून विसरलं नाही. ओढ्यात पाय घातला तेव्हा तसंच आकसलं.
आमटी एकटीनं खाल्ली.

१५ डिसेंबर
उज्ज्वलाचा पुण्याहून फोन. सांगायला नको होतं, सांगितलं. लेक चिडली. "आई, हा सरळ सरळ अपमान आहे. तू पुन्हा त्या तांड्यात पाऊल टाकू नकोस." म्हटलं, तसं नाही गं. "मग कसं आहे?"
चुलीवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.

२२ डिसेंबर
गिरणीत कविता भेटली. गाल भरलेत. "बाई, सहा वाजले की मी पोराला घेऊन मागल्या दारी बसायची. आता बसत न्हाई." भारत डोंगरकड्याला केळीच्या बागेत कामाला जातो, सांजेला घरी येतो, पोराला मांडीवर घेतो.
एवढ्या गोष्टीपुढं माझी आमटी काय. मनाला समजावून राहिले.

२७ डिसेंबर
झ.नं तोड काढली. कच्चं चालतं. ओढ्यातल्या सपाट दगडावर तिनं तुरीच्या शेंगा ठेवल्या, मी लिंबं. मग तिनं मेथी, मी हळदीचे कंद. समोरासमोर उभ्या होतो, बोललोही. पण बाजारातल्या दोघींसारखं. मीठ किती घातलंस, करपलं का, लेकरानं खाल्लं का, यातलं काहीच बोलायला उरलेलं नाही.
तिनं दिलेलं मी शिजवते. मी दिलेलं ती शिजवते. चव सांगायची कुणी कुणाला.

८ जाने.
काही नाही. थंडी.

११ जाने.
झ.ला आठवडाभर ताप होता. मला कुणी सांगितलंच नाही. आज दगडावर येऊन बसली, गळ्याची हाडं वर आलेली.
"तोंडाला चव न्हाई बाई. समदं मातीवानी लागतं." मग, "तुमचं लिंबाचं लोणचं. ते चुलीवर शिजवत न्हाईत ना?"
उन्हात मुरतं, म्हटलं. पण मसाला भाजलेला असतो. मोहरीचं तेल तापवून गार करून घालते. मी खोटं सांगणार नाही.
तिनं विचार केला. "मसाला भाजलेला. लिंबू तर शिजलेलं न्हाई."
नाही.
"मंग आना."
वाटीत आणून दिलं. तिथंच, पाण्यात पाय सोडून, बोटानं चाटून खाल्लं. डोळ्यातून पाणी. "आत्ता जीभ माझी झाली," म्हणाली. मी बाजूला बसले. किती दिवसांनी तिला माझ्या हातचं खाताना बघत होते. ऊन चांगलं होतं.

१९ जाने.
झ.चा ताप गेला. भारतचं काम चालू. चांगलं चाललंय.

२० जाने.
भारत प्यायला.
कळमनुरीच्या बाजारात पिण्यातले सोबती भेटले, बागेतल्या कामाचे पैसे हातात होते. सांजेला कविता पोराला घेऊन माझ्या दारात. ओठ फुटलेला. हळद लावली. पोरगं म्हणालं, "बापानं दोरा तोडला."

२१ जाने.
झ.नं तांड्यासमोर कबूल केलं. कुणी विचारलं नव्हतं. नाईकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यापुढं उभी राहून सांगितलं, लोणचं मी खाल्लं, नेम माझ्यानं मोडला, पोराचा दोष न्हाई.
हे मला कवितानं सांगितलं.
आणि भारत? "ते म्हनून राहिले, याडीनंच मोडला, तर माझा कुठं राह्यला?"
आता त्याला पुरतं कारण मिळालं. आईनंच, त्याच्या याडीनंच, नेऊन दिलं.

२४ जाने.
गेले तांड्यात. उज्ज्वला काही म्हणो.
झ. भिंतीला टेकून. एकवेळचं खाते, तेही बिनमिठाचं. भारत सोडत नाही तोवर.
मी म्हटलं, लोणच्यानं कुणी पीत नसतं झमकूबाई. तू लिंबू खाल्लंस आणि तो नऊ दिवसांनी बाजारात गेला. गेला तो स्वतःच्या पायानं.
ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमाला लेक हाये पुन्यात. तिला काय झालं तर तुमच्या मनात येनार न्हाई का, आपल्या हातून काय चुकलं म्हनून?"
येईल. मी तसं म्हणाले नाही, पण तिला दिसलं.
"तुमच्या हाताला मी दोष देत न्हाई बाई," म्हणाली. "तेवढं ध्यानात ठेवा."
बाहेर पडले तर दोघीतिघी बायका अंगणात उभ्या. रामराम केला. एकीनंच परत केला.

३० जाने.
भारत आला, सकाळी. प्यायलेला नव्हता, हात कापत होते. दाराबाहेर उभा राहिला, शाळेत उशीर झाल्यावर राहायचा तसा.
"बाई, याडीला जेवायला सांगा. तुमचं ऐकंल."
तू सोड, ती जेवेल.
"सोडतो म्हनलं की सुटतंय का? नेम होता तवर भ्या होतं. आता भ्याच न्हाई राह्यलं."
कळमनुरीला दवाखान्यात दाखवू, गोळ्या असतात, मी सोबत येते, म्हटलं. हो म्हणाला. सोमवारी.

२ फेब्रु.
फाट्यावर बसले. दोन जीपा सोडल्या. भारत आला नाही.

६ फेब्रु.
कविता पोराला घेऊन माहेरी गेली, औंढ्याकडं. जाताना आली होती. "सासूला कोन बघंल आता, तेच ध्यानात येतंय." मग पिशवी खाली ठेवून म्हणाली, "बाई, तुमीच नेम घेऊन टाका ना. येत्या पुनवेला महाराज येनार हायेत. तुमी दोरा बांधला तर तुमच्या हातचं तिला चालंल. ती जगंल."
हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

७ फेब्रु.
माझ्या आईनं मरेपर्यंत कुणाचा दोरा बांधला नाही. दीक्षा घेतली त्या दिवशी गंडे-ताईत सगळे पूर्णा नदीत सोडले होते तिनं. मी चाळीस वर्षं मुलांना सांगत आले, दोऱ्यात काही नसतं.
काही नसतं तर बांधायला काय हरकत.
काही नसतं म्हणूनच तर.
उ.ला विचारलं नाही. उत्तर माहीत आहे. सकाळी एक वाटतं, चूल पेटवली की दुसरं.

१० फेब्रु.
झ.ला सांगितलं. मी घेते नेम. बोलले तेव्हा माझा आवाज मलाच परका लागला.
ती खाटेवर उठून बसली, दम लागला. "तुमचा इश्वास हाये?"
नाही.
"मंग नका घेऊ. तुमी माझ्यासाठी खोटा दोरा बांधनार, अन् त्या हातचं मी कसं खाऊ?"
मग काय करू, सांग. काहून अशी करतेस?
"काय बी करू नका. बसा."
बसले. घरात चूल गार. भारत नव्हता. तिनं माझं मनगट हातात घेतलं, मोकळं, आणि धरून ठेवलं. किती हलका हात झालाय.
डॉक्टरांचं नाव काढलं की मान फिरवते.

१३ फेब्रु.
तांड्यात महाराज आले. भोंग्याचा आवाज माझ्या ओट्यापर्यंत. मी घरातच. भारत गेला नाही म्हणे, परत बांधायला. झ.ला खाटेसकट नेऊन बसवलं होतं. तिला नवा दोरा दिला. बिनमिठाचं मात्र तिनं सोडलं नाही. ते तिचं स्वतःचं आहे, महाराजांनी सांगितलेलं नाही.

१७ फेब्रु.
नाईकाच्या घरून कुणी एकवेळ भाकर आणून देतं, ती तशीच पडते. आज दुपारी आंबील केली. मीठ घालू की नको यावर उभी राहिले. घातलं. माझ्या हातची आहे तर माझ्यासारखीच असू दे.
ओढ्याला पाणी राहिलेलं नाही, वाळूतून चालत गेले.
झ. कुशीवर होती. डोळे उघडून भांड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. नको म्हणाली नाही. आण असंही म्हणाली नाही. मी तिच्या उशाशी बसले, पंख्यानं माशा हाकलल्या. भांडं आमच्या दोघींच्या मध्ये. वाफ निघत होती, मग निघायची थांबली.
भारत उंबऱ्यात बसलेला. आज अजून गेला नव्हता कुठं.
मी उठले. भांड्याला हात लावला, तर तो म्हणाला, "राहू द्या बाई. मी बघतो."
काय बघणार ते विचारलं नाही. भांडं तिथंच ठेवून आले.