पुढची खोली ऐकणाऱ्यांसाठी

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिवणकामवाली, वय वर्षे एकाहत्तर, आज पूर्ण शुद्धीत माझे हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे कुरकुरतात, डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण चालेल असा माझा स्वभावच नाही, हे नातेवाईक सांगतील.

कलम १. बँकेतली ठेव धाकट्या बहिणीच्या मुलीला मिळावी. कारण तिची आई.

बहीण डॉक्टरांच्या घरात पडली. त्यांच्याकडे जाहिराती न घेणारे, वर्गणीवर चालणारे एक साप्ताहिक येई. चहाबरोबर ते वाचून सगळे तावातावाने बोलत आणि मग जेवायला उठत. आमच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवताना वाचायला हात कोणाचे रिकामे? कान तेवढे मोकळे. म्हणून आम्ही फोनवर कंडक्टरचे चॅनल ऐकायचो. बसच्या नोकरीवरून काढलेला हा माणूस सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसून, मोठे पेपर दाबतात त्या बातम्या सांगे. आमच्यासारखाच कष्टकरी, वर कामावरून हाकललेला, म्हणून आपला वाटे.

मेहुणे म्हणत, "ताई, त्या बोंबलणाऱ्याचं काय ऐकता? त्याला बातमी आणि अफवा यातला फरक तरी कळतो का?"

"आणि तुमच्या साप्ताहिकात आमचा कारखाना कधी आलाय?" मी विचारले. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

मग कारखान्यात पुढच्या दाराशी आग लागली. मागच्या दाराला बाहेरून कुलूप. धुरात काही दिसेना. आम्ही खिडक्यांतून उड्या मारल्या. माझ्या शेजारच्या मशीनवालीचा पाय मोडला, पण मेली कोणी नाही. मोठ्या पेपरांनी छापले, बायकांच्या निष्काळजीपणाने किरकोळ धूर. कंडक्टर ओरडला, वीस बायका मेल्या! फोन हातात धरून मी माझ्याच मरणाची बातमी ऐकली. मालकाने तेवढीच उचलून धरली, "बघा, सगळं खोटं." कुलपाचे नाव कोणी काढेना.

बहिणीने खटपट करून साप्ताहिकाची वार्ताहर आमच्या गल्लीत आणली. बायकांनी तोंडे मिटली. "मोठ्या घरचा पेपर," म्हणाल्या, "वाचतील, हळहळतील, विसरतील." मी वार्ताहराला घेऊन थेट कंडक्टरच्या दुकानात गेले.

"वीस कुठून आणल्यास रे?"

"लोक म्हणाले."

"लोकांत मी येते ना? मला विचारलंस?"

त्याने हातातला पाना ठेवला, हात पुसले आणि वार्ताहराबरोबर निघाला. त्याला पाहून दारे उघडली; तिने प्रत्येकीचे म्हणणे उतरवून घेतले, पुन्हा वाचून दाखवले, तेव्हाच ती उठली. साप्ताहिकात कुलूप छापून आले. कंडक्टरने फोनवर आपली चूक कबूल केली आणि तो लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. चौकशी झाली, दार मोकळे झाले, पायाचा खर्च मालकाने भरला. बहिणी, तू ती वार्ताहर आणली नसतीस तर आम्ही ओरडतच राहिलो असतो. तुझे उपकार फेडायला ही ठेव पुरणार नाही.

कलम २. शिलाई मशीन आणि कात्र्या त्या पाय मोडलेल्या मैत्रिणीला. धार तिने स्वतः लावावी. तिच्या जावयाच्या हाती कात्र्या देऊ नयेत.

कलम ३. आरामखुर्ची मेहुण्यांना. लेख वाचून त्यांनी फोन केला होता, "ताई, कुलूप खरंच होतं?" त्यांनी मला विचारले, यातच मी भरून पावले. जुना राग मी माझ्याबरोबर नेत नाही.

कलम ४. राहते घर भाचीच्या नावे, पण पुढची खोली विकू नये, भाड्याने देऊ नये. मागच्या खोलीच्या भाड्यातून साप्ताहिकाची वर्गणी भरावी. दर शनिवारी काम सुटल्यावर कंडक्टरने ते इथे मोठ्याने वाचावे; तो थकल्यावर त्याने निवडलेल्या माणसाने. बहिणीच्या घरच्यांनीही यावे. त्यांनी कडेला खुर्ची टाकू नये, बायकांच्या मधोमध सतरंजीवर बसावे. वाचून झाल्यावर प्रत्येकाला विचारावे, "यातलं तू काय पाहिलंस?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

हे मी स्वतः लिहिले, वाचले आणि दोघांसमोर सही केली.

सही: शिवणकामवाली
साक्षीदार: १. साप्ताहिकाची वार्ताहर (सही) २. गल्लीतला औषधविक्रेता (सही)
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ सप्टेंबर