रसाची कंपनी

वडगाव, ता. तेल्हारा
२० फेब्रुवारी

आदरणीय इंदूबाई यांस,
जमुनाचा नमस्कार.

तुमची संध्या आणि तिचं बाळ मजेत असतील. मालिश तुम्हीच करता की बाई लावली? अंजनगावचं पाणी तुम्हाला मानवत नाही, उकळून पीत जा. इकडे सगळं ठीक. तुमची भुरी शेळी माझ्या हातून चारा खाते, पण धार काढायला बसले की लाथ मारते. बाकी अंगणवाडी, पोषण आहार, रजिस्टर, नेहमीचंच.

आम्ही परवा नाशिकहून आलो. लग्नाला तीस वर्षं झाली, पण लग्नकार्य सोडून आम्ही दोघं नुसतं फिरायला म्हणून कधी गेलो नव्हतो. पोरीनं, आचलनं, रेल्वेची तिकिटं पाठवली म्हणून निघालो. आठ दिवस राहिलो. वणीचा गड झाला, त्र्यंबकेश्वर झालं. तुमच्यासाठी देवीचा प्रसाद आणला आहे. द्राक्षंही आणली होती, ती अकोला येईपर्यंत आमच्या यांनीच संपवली.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि अख्खं घर ऐकतं. मला जे सांगायचं आहे ते तुम्ही एकटीनं वाचावं.

आचलची कंपनी पाहिली. डोंगराच्या उतारावर वेलींच्या ओळीच ओळी, तारेवर चढवलेल्या. यांनी खाली वाकून माती हातात घेतली आणि म्हणाले, "येवढ्या मुरमात आपल्याकडं तूर उभी राहत नाही, अन् हे लोक पाहा!" आत आपल्या अकोटच्या जिनिंगएवढी जागा. स्टीलच्या टाक्या अंगणवाडीच्या छपराहून उंच. तळघरात गार, आणि तिथं लाकडी पिपं आडवी रचून ठेवलेली. हे एकेका पिपावर बोटानं टकटक करत हिंडत होते, बाजारात टरबूज घेतात तसे.

इंदूबाई, रसाच्या कंपनीत लाकडी पिपं नसतात.

ती वाईनची कंपनी आहे. आचल तिथं वाईन तयार करते. अकोल्याच्या कॉलेजातून निघाल्यावर तिनं त्याचाच कोर्स केला. आणि हे मला काही नाशिकला जाऊन कळलं नाही. मला दोन वर्षांपासून माहीत आहे.

तुमच्या घरचे, सहदेव भाऊजी, दारूपायी गेले, आणि त्यानंतर आपण दोघींनी दारोदार फिरून दारूबंदीच्या मतदानात आडवी बाटली निवडून आणली. गावातलं दुकान बंद झालं. त्या दारूबंदी समितीची मी अध्यक्ष. माझी पोरगी काय करते हे तुम्हालाच कोणत्या तोंडानं सांगायचं? तुम्ही विचारलंत तेव्हा तोंडातून निघून गेलं, रसाची कंपनी. मग तुम्हीच कौतुकानं सगळ्या गावाला सांगितलंत, आणि मी मान हलवत राहिले.

आता पुढचं. आचलनं आम्हाला आसपासच्या आणखी दोन वाईनच्या कंपन्यांत फिरवलं. तिथं मी बाहेर झाडाखाली बसले. मोठमोठ्या गाड्यांतून लोक सुट्टीला म्हणून येतात, वास घेतात, घोट घेतात, काहीजण तर चूळ भरल्यासारखं करून भांड्यात थुंकतात. यांनी काही थुंकलं नाही. बाहेर येऊन मला म्हणाले, "चिंचेच्या पाण्यासारखं लागते वं." त्यानंतर दुपारभर खुशीत होते.

रविवारी मात्र मी आचलच्या कंपनीत चव घेतात त्या खोलीत गेले, कारण ती स्वतः समजावून सांगणार होती. वीस-पंचवीस माणसं होती. पुण्या-मुंबईची, दोन डॉक्टर, एक रिटायर झालेले कर्नल. आणि सगळे गप्प बसून आमच्या आचलचं ऐकत होते! तिनं पेला फिरवला, नाक लावलं आणि सांगितलं, यात पेरूचा वास आहे, यात मिऱ्याचा. तुम्हाला आठवतं ना, लहानपणी ही बरणी न उघडता सांगायची, लोणचं बिघडलं म्हणून? तेच नाक. आता त्या नाकाला मान आहे.

मग तिनं सगळ्यांपुढं पेले मांडले. माझ्यापुढं वेगळा पेला ठेवला आणि हळूच म्हणाली, "आई, तुझ्यासाठी रस काढला आहे. साधा."

इंदूबाई, मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. एवढ्या माणसांत न अडखळणारी पोरगी माझ्यापुढं मान खाली घालून उभी होती. मी म्हटलं, "सगळ्यांले जे देऊन राहिली, तेच मले दे." तिचे डोळे एवढे मोठे झाले. लाल रंगाची ओतली, दोन बोटं. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तसं झालं, मग मागून थोडं गोड. मी थुंकलं नाही. गिळलं. आणि खोटं कशाला बोलू, वाईट लागलं नाही.

परत येताना तिनं विचारलं, "आई, गावात तू काय सांगते, मी काय करते म्हणून?"

मी म्हटलं, "रसाच्या कंपनीत आहे म्हणते."

ती खूप हसली.  ते हसणं मला अजून खुपतं आहे.

आठ मार्चला महिलादिनी समितीतर्फे आचलचा सत्कार करायचा, हे तुम्हीच सुचवलंत. ती येते म्हणाली आहे. खोट्या नावावर मी तिला शाल घेऊ देणार नाही. त्याआधीच्या बैठकीत सगळं सांगते आणि अध्यक्षपद सोडते. पण बायांना कळायच्या आधी तुम्हाला कळायला हवं होतं. दोन वर्षं उशीर झाला.

रागावलात तर रागवा, पण उत्तर द्या.

तुमची, अजून म्हणू देत असाल तर,
जमुना


अंजनगाव सुर्जी
२६ फेब्रुवारी

चि. जमुनाले इंदूचे आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. वाचलं अन् दोन दिवस मी पडूनच राहिली. संध्याले सांगितलं, डोकं दुखून राहिलं.

वाईनचा राग आला, पण तुझा जास्त आला. आचलच्या बारावीले मी अकोल्यात खोली करून महिनाभर तिच्यापाशी राहिली. पहाटे उठून तिले चहा करून दिला. अन् ती पोरगी काय काम करते हे मलेच ठाऊक नाही! गावभर मी रस रस करत फिरली.

मंग काल गच्चीवर जाऊन आचलले फोन लावला. म्हटलं, "काहून वं, तुह्या कंपनीत लोक पिऊन पडतात काय?" त म्हणे, "पडतात कधीकधी. मी त्याईले बसवून ठेवते, गाडी चालवू देत नाही." नाही म्हटली असती त मी फोनच ठेवून दिला असता. मंग घंटाभर बोललो.

मले वाईन नको, कोणत्याच नावानं नको. तुझ्या भाऊजीच्या तोंडाचा वास मले अजून येते. तू घोट घेतला, तो तुझा तू पाहा. पण अध्यक्षपण सोडायचं नाही. लोक म्हणतील पोरीपायी सोडलं, अन् ते तिच्या माथी बसंल.

बैठकीत सांगू नको. आठ मार्चले, सगळ्या गावापुढं सांगजो. मी येतो. माइक तू घे अन् आचल काय करते ते पुरं सांग. कोणी उठून गेलं त जाऊ दे. मी उठणार नाही. शाल माह्या हातानंच देणार.

तुझ्या नत्थुजीले सांगजो, बायकोले झाडाखाली बसवून एकटंच पेत जाऊ नका.

आचलची मोठी माय,
इंदू